लाखोळी नसलेलं घर

"गुरुजी, तुमच्या घरी आता लाखोळी येते का?"

तुळशीरामभाऊंनी मला विचारलेला हा शेवटचा प्रश्न. वडशाजवळच्या त्यांच्या गावी मी त्यांना पाहायला गेलो होतो. काविळीनं पार खंगले होते. सपरीत, म्हणजे ओसरीत, खाट टाकलेली, खाटेखाली लोखंडी पट्ट्यांचा तो जड बूट. पोलिओ झालेल्या डाव्या पायात ते तो चढवायचे. इकडचं तिकडचं बोलणं झालं, मी निघायला उठलो आणि त्यांनी हे विचारलं. मी हसून म्हणालो, "नाई जी. आमच्या मालतीबाईचा हट्ट तुमाले मालूम हाय ना." त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं," म्हणाले आणि डोळे मिटले. दुखणाईत माणूस, काहीही आठवतं त्याला, असं म्हणत मी बसमध्ये बसलो. बारा दिवसांनी माझी जुनी विद्यार्थिनी रंजू हिचा फोन आला. रंजूला एकेक शब्द ओढून आणावा लागतो. "गुरुजी... भाऊ..." एवढ्यावरच मला कळलं. तरी मी मध्ये बोललो नाही. तिचं वाक्य तिलाच पुरं करू द्यायचं, हे मला तुळशीरामभाऊंनीच शिकवलं होतं.

त्या गोष्टीला आता महिना होत आला. तो लाखोळीच्या डाळीचा प्रश्न मात्र डोक्यातून जात नव्हता. का जात नव्हता, ते सांगायचं तर दहा-अकरा वर्षं मागे जावं लागेल, आणि त्यात माझी अब्रू काही वाढणार नाही. पण तुळशीरामभाऊंवर लिहायचं आणि स्वतःला वगळायचं, हे जमण्यासारखं नाही.

मी तेव्हा चिमूर भागातल्या एका तलावाकाठच्या गावात मास्तर होतो, आजही तिथेच आहे. चार वर्ग, एक मास्तर, म्हणजे मीच मुख्याध्यापक आणि मीच घंटा वाजवणारा. माझं मूळ गाव माजरीकडचं, कापसाचं. हे गाव धानाचं आणि मासोळीचं. एक दिवस पंचायत समितीचं पत्र घेऊन तुळशीरामभाऊ आले. लुनाला मागे दोन जादा चाकं लावलेली, पिशवीत छापील फॉर्मांचा गठ्ठा. अपंग मुलांनी साध्या शाळेत, इतर मुलांसोबत शिकावं की नाही, याबद्दल लोकांचं मत काय, याची पाहणी चालली होती. पालकांना आणि मास्तरांना विचारायचं आणि खूण करायची: पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. मी पाहुण्यासोबत गावात फिरून मदत करावी, असं पत्रात होतं. मास्तरानं सोबत जायचं ही आमच्याकडची रीतच आहे. जनगणना असो की डास मारण्याची फवारणी, गावात परका माणूस आला की पुढे गुरुजी.

पहिला फॉर्म त्यांनी माझाच भरून घेतला. मी पेन हातात घेऊन ऐटीत "पूर्ण सहमत"वर खूण केली. वर म्हणालो, "आमच्या शाळेत तर आधीपासूनच हाय. रंजना नावाची मुलगी पटावर हाय." त्यांनी पट पाहिला. रंजनाच्या नावापुढे हजेरीच्या रेघा नीट मारलेल्या होत्या. "कुठी हाय ते?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "चार दिवसांपासून बिमार हाय." बोललो आणि पट मिटून टाकला.

कारण रंजना, म्हणजेच रंजू, चार दिवस नव्हे, वर्षभर शाळेत आली नव्हती. मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातल्या कौसाबाईची ही पोर. जन्मतःच हातपाय ताठ, मान डोलायची, बोलणं अस्पष्ट, तोंडातून लाळ. आदल्या वर्षी दिवाळीनंतर कौसाबाई तिला कडेवर घेऊन शाळेत आली होती आणि मी नाव घातलंही होतं. तिसऱ्या दिवशी दोन आया भांडायला आल्या. आमच्या पोरांना तिचं लागलं म्हणजे? एकदा तिनं बसल्या जागी बस्करपट्टी ओली केली. मग मी तिच्यासाठी वेगळं पोतं आणलं आणि दाराजवळ अंथरलं. आठव्या दिवशी कौसाबाई दुपारी मासे विकून परत जाताना डोकावली. मुलांच्या चपला काढलेल्या होत्या, तिथे तिची पोर बसलेली. तिनं पोरीला उचललं, पोत्याची घडी करून माझ्या टेबलावर ठेवली आणि गेली. मी नाव कमी केलं नाही, पटसंख्या कोणाला नको असते? हजेरीही मारत राहिलो. हे सगळं गावाला माहीत होतं. आता मला या पाहुण्यासोबत दारोदार फिरायचं होतं.

पहिल्या दिवशी शाळेतच पालक जमवले. तुळशीरामभाऊ एकेकाला प्रश्न वाचून दाखवत आणि एकेक जण माझ्याकडे बघून सांगत, "हो जी, सहमत." एका म्हाताऱ्यानं तर प्रश्न पुरा होऊ दिला नाही. "तुमाले का पायजे ते लिवा जी. पावणे हा तुमी. पावण्याले नाई म्हणतेत का कोणी?" सगळे हसले. मीही हसलो, अंमळ मोठ्यानंच. तुळशीरामभाऊ हसले नाहीत. गठ्ठा चाळून म्हणाले, "सारेच हो म्हणून राह्यले गुरुजी. मंग पोरं कुठी हायेत?"

दुसऱ्या दिवशी घरोघर निघालो. ढिवर मोहल्ला शेवटी यावा म्हणून मी काय काय वाटा काढल्या ते आज आठवलं तरी लाज वाटते. पण गाव केवढं असणार? कौसाबाई अंगणात जाळं सुकवत होती. रंजू दारात भिंतीला टेकून बसली होती आणि टोपल्यातल्या मासोळ्यांकडे बोट करून काहीतरी म्हणत होती. तुळशीरामभाऊ बूट खटखटवत तिच्यापाशी गेले, कष्टानं खाली बसले आणि ऐकू लागले. "मोजून राह्यली ते," कौसाबाई म्हणाली. मग त्यांनी कौसाबाईला प्रश्न वाचून दाखवला. ती जाळ्यावरचा हात न काढता म्हणाली, "नाई. असहमत."

सगळ्या गावात पहिला नकार. तुळशीरामभाऊंनी हळूच विचारलं, "काऊन बाई?"

तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी तलावाकडे पाहिलं. "काई नाई जी," ती म्हणाली, "पोरीले जमत नाई."

तिनं सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं आज वाटतं. तेव्हा मात्र मी सुटकेचा श्वास टाकला होता आणि परतताना वर शहाणपणही शिकवलं होतं, "अशिक्षित लोक जी. मायच तयार नसते." तुळशीरामभाऊंनी तिचा फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला. चोराच्या मनात चांदणं. तेवढ्यानंच मी अर्धा झालो.

त्या दुपारी ते माझ्या घरी जेवायला होते. माझ्या बायकोनं, मालतीनं, भाकरी, वांग्याची भाजी, तुरीचं वरण केलं होतं. भाऊ मोकळेपणानं म्हणाले, "वहिनी, संध्याकाळी लाखोळीचे वडे करा. या गावात येऊन वडे खाल्ले नाई तं काय खाल्लं?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, लाखोळी ही आमच्या धानपट्ट्यातली डाळ. धान उभं असतानाच खाचराच्या ओल्या बांधीत फेकतात, घरोघरी डबा भरलेला असतो, करड्या रंगाचे ओबडधोबड दाणे. माजरीकडे मात्र तिचं नाव काढलं तरी लोक कानावर हात ठेवतात. मालती भाबडेपणानं म्हणाली, "आमच्या घरी नाई येत जी लाखोळी. खाल्ली तं पाय जाते म्हणतेत." आणि तिची नजर नेमकी त्या लोखंडी बुटावर गेली. माझा घास हातातच राहिला. भाऊ खो खो हसले. "माहे तं आधीच गेले वहिनी! मले आता काय भेव?" मालती रडायची बाकी होती, त्यांनीच तिला वरण मागून हसवलं. गावात लाखोळी नसलेलं घर एकच, मास्तराचं, असं त्याच संध्याकाळी ते गावभर सांगत फिरले.

जेवण झाल्यावर आम्ही तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसलो. तिथे ते एकदम म्हणाले, "गुरुजी, हे फॉर्म फेकून देण्याच्या लायकीचे हायेत." मी दचकलो. ते सांगू लागले. वरच्या ऑफिसात असं ठरलं होतं की जिथे लोक विरोधात आहेत तिथे एक फिरता विशेष शिक्षक द्यायचा, त्यानं मुलांना शिकवायचं, मास्तरांना शिकवायचं, आईबापांशी बोलायचं. जिथे लोक आधीच राजी आहेत तिथे नुसतं पत्र पाठवायचं, की मुलांना दाखल करून घ्या. "आन् इथी तं सारं गाव राजी हाय! म्हणजे पत्र येईन, तुमी फाईलला लावान आन् ते पोरगी मासोळ्याच मोजत राहीन." मग स्वतःचा बूट काठीनं वाजवून म्हणाले, "चूक माहीबी हाय. असा पाय घेऊन मी दारात उभा राह्यतो. माह्या तोंडावर कोण नाई म्हणन? आन् माह्या बाजूले तुमी. ज्याच्या हाती पोराचा दाखला, त्याच्यासमोर कोण तोंड उघडन?" थोडं थांबले. "खरं बोलली तं ते एकटी बाई. आन् ते बी... पुरं नाई बोलली."

मला वाटलं, आता विचारतील. विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंभाराकडून अरुंद गळ्याचं लहान मडकं आणलं. शाळेच्या मागच्या खोलीत, जिथे मी जुने नकाशे ठेवत असे, तिथे ते ठेवलं आणि दवंडी दिली. दर घरातून एकानं यायचं, घरून मुठीत दोन दाणे आणायचे, एक धानाचा, एक लाखोळीचा. अपंग पोर आपल्या पोराच्या बाजूला, एकाच पट्टीवर बसलेलं चालत असेल तर मडक्यात धान टाकायचं, चालत नसेल तर लाखोळी. दुसरा दाणा मुठीतच परत न्यायचा. प्रश्नही त्यांनी बदलला होता. छापील प्रश्नात 'अपंग मुलांनी' आणि 'शाळेत' होतं. त्यांनी 'तुमच्या पोराच्या बाजूला' केलं. खोलीत कोणी थांबायचं नाही. ते स्वतः दूर पाळीवर जाऊन बसले आणि मला शाळेच्या अंगणातही उभं राहू दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिली. माणसं मुठी आवळून येत होती, आत जात होती आणि बाहेर येताना कोणाकडे पाहत नव्हती.

सगळ्यात शेवटी ते मला म्हणाले, "आता तुमी. तुमीबी बापच हा." माझी अर्चना तेव्हा दुसरीत होती.

मी घरी गेलो. मालती विहिरीवर होती. फळीवरचे डबे समोर. अर्चनाच्या शेजारी रंजू बसली आहे, तिची लाळ अर्चनाच्या पाटीवर पडते आहे, असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला शिसारी आली. हो, शिसारीच. दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. मग मी स्वतःची समजूत घातली, की लाखोळी जास्त पडली तर गावाला शिक्षक मिळेल, म्हणजे 'नाही' टाकणं हेच पोरीच्या भल्याचं. असली वकिली माणूस स्वतःपुढे किती सफाईनं करतो! घरात लाखोळी नव्हती. शेजारी मागितली असती तर शेजाऱ्याला कळलं असतं. डाळ ती डाळ, म्हणून तुरीच्या डब्यातून एक पाकळी उचलली आणि जाऊन मडक्यात टाकली.

संध्याकाळी सरपंचांच्या आणि माझ्यासमोर भाऊंनी मडकं वर्तमानपत्रावर उपडं केलं. करड्या लाखोळीचा ढीग धानापेक्षा कितीतरी मोठा होता. सरपंच खाली मान घालून बसले. पण माझं लक्ष ढिगाकडे नव्हतंच. सगळी लाखोळी अख्खी, करडी. आणि माझी डाळ पिवळी, फुटकी! ते तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लाखोळी नसलेलं घर गावात एकच... आणि ते सांगत फिरणारा माणूस दाणे वेगळे करत होता. त्यांचं बोट एकेक दाणा सरकवत होतं. मी नजरेनं तो पिवळा ठिपका शोधत होतो, दिसला तर फुंकर मारून उडवावा म्हणून. एका जागी बोट थांबलं. त्यांनी काहीतरी चिमटीत उचललं, उजेडाकडे धरलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. "खडा होता," म्हणाले आणि पुढे मोजू लागले.

खडाच असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दहा वर्षं सांगत राहिलो.

पुढची लढाई त्यांनी एकट्यानं लढली. ऑफिसातल्या साहेबांनी मडक्याची थट्टा केली. अशी मोजणी नियमात बसत नाही, फॉर्मवर सह्या आहेत, मडक्यावर कोणाची सही? भाऊंनी हेका सोडला नाही. फॉर्मची उत्तरं आणि मडक्याचे दाणे दोन्ही शेजारी-शेजारी लिहून, खाली 'फॉर्म भरून घेणारा स्वतः अपंग, सोबत गावचे शिक्षक, म्हणून उत्तरं अविश्वसनीय' असं आपल्या हातानं लिहून सही केली. स्वतःच्याच कामावर काट मारायला छाती लागते. चंद्रपूरच्या किती खेपा झाल्या देव जाणे. शेवटी आमच्या केंद्राला फिरता शिक्षक मिळाला, आणि त्या कामाचं शिक्षण झालेलं असल्यानं तेच नेमले गेले.

पहिल्याच दिवशी लुनावर मागे कौसाबाई आणि तिच्या मांडीवर रंजू, अशी वरात शाळेत आली. कौसाबाई दारातच थांबली, चपलांपाशी. भाऊंनी मला विचारलं, "कुठी बसवू?"

"तुमीच सांगा," मी म्हणालो.

"वर्ग तुमचा हाय गुरुजी." आवाजात धार नव्हती. पण सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, कौसाबाईही. मी रंजूला उचललं आणि अर्चनाच्या बाजूला बसवलं. मनानं केलं की भाऊंच्या धाकानं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. कौसाबाई जाताना भाऊंना म्हणाली, "तुमच्या मडक्यात मी धानच टाकलं होतं जी." तोंडानं 'नाई' म्हणणारी त्या गावात ती एकटी, आणि तिच्या मुठीत धान होतं.

पुढची सहा वर्षं तुळशीरामभाऊ दर गुरुवारी येत. रंजूचं बोलणं आधी अर्चनाला समजू लागलं, मग वर्गाला, सर्वांत शेवटी मला. शिकवायला मी बसायचो आणि शिकायचोही मीच. कधी चिडून मी म्हणे, "माह्यानं नाई होत भाऊ, हे पोरगी मले थकवते." ते खूश होत. "असं बोला! खोटं हो म्हणणाऱ्यापेक्षा खरं नाई म्हणणारा बरा. त्याच्यासंगं काम करता येते." इतक्या वर्षांत पोत्याचा विषय त्यांनी काढला नाही. कौसाबाईनं त्यांना सांगितला असेलच. मीही काढला नाही... काढायला हवा होता. एकदा समोर बसून म्हणायला हवं होतं, की भाऊ, तो खडा नव्हता.

तेरवीला गेलो तेव्हा रंजू आपली तीनचाकी सायकल बसच्या टपावर टाकून माझ्या आधी पोचलेली होती. बारावी झाली आहे ती, मान अजून डोलते. जेवणं झाल्यावर भाऊंच्या पत्नी सुशीलाबाईंनी मला सपरीत बोलावलं. खाट काढून टाकली होती, बूट भिंतीशी तसाच होता. होमिओपॅथीच्या गोळ्यांची असते तशी एक लहान काचेची कुपी त्यांनी माझ्या हातात दिली. "त्याईनं सांगून ठेवलं होतं. हे गुरुजीची अमानत हाय म्हणे. जिवंतपणी देल्ली तं गुरुजीले लाज वाटन, मेल्यावर देजो. काय हाय जी हे?"

कुपीत तुरीच्या डाळीची एक पाकळी होती.

मला तिथेच, लोकांसमोर रडू आलं. सहा वर्षं हा माणूस माझं 'नाही' खिशात घेऊन माझ्या वर्गात येत होता, माझ्या घरी वरण जेवत होता. आणि जाता जाता एकदा विचारून पाहिलं, घरी लाखोळी येते का. मी हसून उत्तर दिलं.

परवा वडशाच्या बाजारातून मी पावशेर लाखोळी आणली. मालतीनं हट्ट बाजूला ठेवून वडे केले. थोडे अख्खे दाणे मी बाजूला काढून ठेवले, एक धानाचा दाणाही ठेवला. मग आतल्या खोलीत गेलो, दार लावलं, त्यातला एक दाणा कुपीत टाकला आणि बूच बसवलं. कोणता टाकला ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुमच्यासमोर मी 'हो'च म्हणणार, आणि ते वाचून तुळशीरामभाऊ म्हणाले असते, "गुरुजी, हा फॉर्म फेकून द्या." ती कुपी शाळेच्या टेबलावर ठेवली आहे. रंजू येते तेव्हा हातात घेऊन हलवून बघते, आणि मला विचारत नाही.